नथूमामांना आलेली हाक

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेत डोळे मिटून बसते तेव्हा — तेव्हा तर मुळीच नाही. तिथे बाकी सगळं सांगते. कोणावर चिडले, कोणाचा हेवा केला, सगळं. एवढ्याच जागी वळसा घालून पुढे जाते. देवाला माहीतच आहे, मग सांगायचं कशाला, असं स्वतःला समजावते. पण तुम्हाला माहीत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

आधी मी कोण ते सांगते, कारण चूक तिथूनच सुरू होते. मी पेणच्या खाडीकडच्या गावातली, मिठागरात राबणाऱ्या माणसांची मुलगी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. बी.कॉम. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. घरी पाहुणा आला की बाबा पाणी द्यायच्या आधी माझं सर्टिफिकेट दाखवायचे. पण ते घेऊन पुढे करायचं काय, हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. डोलवीला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात मी कामगारांची हजेरी भरायला लागले. कोण आलं, कोण नाही, कोणती शिफ्ट. संध्याकाळी वाटायचं — यासाठी शिकले मी? आईने मिठाच्या पाण्यात पाय कुजवले ते यासाठी?

ऑफिसातली सुनीता दर रविवारी रोह्याला ख्रिस्ती उपासनेला जायची. पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं जमतात, एवढंच तिने सांगितलं होतं. मी तिच्याबरोबर गेले ती श्रद्धेने नाही, बघायला. काय करतात हे लोक तिथे? रडतात म्हणे, गातात म्हणे. त्या दिवशी उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचा घसा बसला होता. शास्त्र कोण वाचेल, असं त्यांनी खुणेनेच विचारलं आणि सुनीताने माझा हात धरून वर केला. मी वाचलं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. पान उलटायला जरा थांबले, तर समोर बसलेली एक म्हातारी पुढे सरकून म्हणाली, “मग? घावलं का गो मेंढरू?”

तिला खरंच माहीत नव्हतं. आणि त्या घडीला ते तिला फक्त मीच सांगू शकत होते. माझ्या शिक्षणाची अशी गरज त्याआधी कोणाला पडली होती? परत येताना गाडीत मी त्या मेंढराचाच विचार करत बसले. नव्व्याण्णव सोडून एकाच्या मागे जाणारा हा कसला धनी? पुढच्या रविवारी पुन्हा गेले, पुढे काय होतं ते बघायला. मग त्याच्या पुढच्या. दीड वर्षाने रोह्यालाच, कुंडलिकेच्या पाण्यात उतरून मी बाप्तिस्मा घेतला. बाबा दोन महिने बोलले नाहीत, मग बोलायला लागले. बस्स, एवढंच. खरं होतं आणि लहान होतं.

ते इतकं लहान होतं, याचीच मला लाज वाटली.

आमच्यात साक्ष द्यायची रीत आहे. प्रभूने आपल्याला कसं बोलावलं, हे ज्याने त्याने उभं राहून सांगायचं. एकाची दारू सुटलेली. एक बाई डॉक्टरांनी आशा सोडल्यावर उठून बसलेली. माझी पाळी आली तेव्हा सगळे टक लावून बघत होते — ही एवढी शिकलेली, ही कशी आली? मी काय सांगणार होते? पाळकांचा घसा बसला म्हणून आले? तोंड उघडलं आणि बोलून गेले, की एकदा भर दुपारी मी मिठागराच्या बांधावर एकटी बसले होते, जगण्यात काही अर्थ वाटत नव्हता, आणि कोणीतरी मला नावाने हाक मारली. मागे बघितलं तर कोणी नाही.

खोली गप्प झाली. ती शांतता मला आवडली. हे लिहायला जड जातंय, पण आवडली. नंतर कासूच्या घरसभेत सांगितलं, पेणला सांगितलं. एका हाकेच्या तीन हाका झाल्या. मिठावर उजेडही पडला.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, खोटं बोलली, बरं, माणसं बोलतात. मीही असंच म्हणत होते. पण त्या खोलीत नथूमामा बसायचे.

नथूमामा आमच्याच गावचे, आईच्या जोडीने वर्षानुवर्षं मीठ ओढलेले. नात्याचे नव्हेत, पण मामाच. माझ्या मागोमाग ते सभेला यायला लागले होते. बाप्तिस्म्यासाठी नाव दिलं होतं, नवा सदरा शिवला होता. आणि ऐन दिवशी ते नदीवर आलेच नाहीत. मी घरी गेले तर ओट्यावर बसलेले. म्हणाले, “तुना नावानं हाक मारली त्यानं. मना अजून नाय मारली. बोलावल्याबिगर कसा जाऊ गो?”

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, धीर धरा मामा, येईल.

मग ते रोज दुपारी बांधावर जाऊन बसायला लागले. मिठागर कधीच बंद पडलं होतं, नुसतं पाणी भरलेलं. मामी करवादायची. देव काय बार्ज हाय का, भरती आली का धक्क्याला लागायला — असं म्हणून शेजारणींना हसवायची आणि नवऱ्यासाठी भाकरीही बांधायची. मी अधूनमधून विचारायची, आज काय ऐकलंत? खरंच जाणून घ्यायचं असायचं मला. टिटवी, ते सांगायचे. कंपनीचा भोंगा. चिखलात निवटी मासळी उडी मारते, तो आवाज. असं ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी प्रार्थनेला बसले की बोलत सुटते. हा माणूस गप्प राहून वाट बघायचा. दोघांतला विश्वास ठेवणारा कोण?

तीन वर्षं अशी गेली आणि त्यांचे कान जायला लागले. पेणच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. ते लावून बांधावर बसलं की वाराच एवढा मोठा ऐकू यायचा, की दुसरं काही कळेना. एका सुट्टीच्या दिवशी ते मला घेऊन गेले. बांधावर शेजारी बसवलं, कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं.

“आता आली तरी मना ऐकू नाय येनार,” ते म्हणाले. “तुना तो आवाज ओळखीचा हाय. तू ऐक. आली का सांग.”

त्यांनी माझं मनगट धरलं होतं. मी ऐकायला लागले — आयुष्यात पहिल्यांदा खरोखर ऐकायला. हाक यावी असं मला जितकं वाटलं तितकं कशाचंच कधी वाटलेलं नाही. ती आली असती तर माझं खोटंही खरं झालं असतं. पाणी होतं, वारा होता, लांब जेटीवर क्रेन फिरत होती. बाकी काही नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

मामा, मला कधीच आली नव्हती. हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. खरंच होतं का? की आता लिहिताना ठेवतेय?

मी त्यांच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने म्हणाले, “आली मामा. ‘नथू’ म्हणाला तो.”

“किती टायम?”

“तीनदा.”

पुढच्याच महिन्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो सदरा एव्हाना अंगाला सैल झाला होता. आता उपासना झाली की ते रोह्याच्या दवाखान्यात जातात. ज्यांच्याजवळ कोणी नसतं अशा पेशंटांशेजारी बसतात, पाणी पाजतात, कूस बदलून देतात. बोलावलंय म्हणजे काय तरी काम असंल ना, म्हणतात. मी बघत राहते. हे कुठून येतं? जे मला वाचून वाचून हाती लागत नाही, ते या माणसाला माझ्या खोट्या हाकेतून कसं मिळालं? शास्त्रात शोधते. सापडलेलं नाही.

पण त्यांचं भलं झालं हे माझ्या बाजूने धरू नका. त्यांच्या भल्यासाठी मी बोलले नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला खोटं ठरायचं नव्हतं, म्हणून बोलले.

ते आता स्वतः साक्ष देतात. दर वेळी तीच. मना ऐकू नाय आली, पन आपल्या पोरीनं ऐकली, म्हणतात. मग माझ्याकडे वळून विचारतात, “ऐकलीस ना गो?” सगळी खोली माझ्याकडे बघते. मी मान हलवते.

गेल्या रविवारीही हलवली.