दहा टनांखाली कोण होतं?

भास्करनानांची आणि माझी ओळख माझ्याच एका चुकीने करून दिली. अमेरिकेने अफगाणिस्तानातल्या एका दरीत महाकाय बॉम्ब टाकल्याची बातमी मी जळगावच्या आमच्या दैनिकात दिली आणि त्याचं वजन दहा हजार किलोंऐवजी दहा हजार टन छापलं. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या वार्ताहराकडून गणिताची अपेक्षा करू नये, हे बाकी वाचकांनी मान्य केलं होतं. धुळ्याला जन्मभर इतिहास शिकवून निवृत्तीनंतर जळगावला राहायला आलेल्या नानांनी केलं नाही. सकाळी आठला ते माझ्या दारात उभे. संपादकांकडे गेले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा मला नंतर कळला.

"भाऊ, एवढं वजन विमानाला नाही झेपणार. भुसावळहून मालगाड्या मागवाव्या लागतील," म्हणत त्यांनी मला चोपडा रस्त्यावरच्या वजनकाट्यावर नेलं. काट्यावर केळीचा ट्रक उभा होता. नानांनी रिकाम्या गाडीचं वजन विचारून वजाबाकी केली. "हा घ्या तुमचा बॉम्ब. दहा टन."

गाडीत सगळी केळीच आहेत, हे सांगायला ड्रायव्हर घाईने खाली उतरला. "ओ आबा, मनी गाडीमा बठ्ठ्या केया शेतस! बॉम्ब नका म्हनू, पोलीस येतीन!"

नानांनी हसून त्याच्याकडून केळ्यांची एक फणी घेतली, पुरावा म्हणून. परतताना मात्र म्हणाले, "वजन मी दुरुस्त केलं. पण खाली कोण होतं, ते तुम्ही लिहिलंच नाही."



अशा अवजड बॉम्बांचा इतिहास नाना तेव्हाही लिहीत होते, आजही लिहीत आहेत. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचा दहा टनी बॉम्ब जर्मनीतल्या एका रेल्वेपुलाशेजारी पडला, जमिनीत खोल घुसला आणि नुसत्या हादऱ्याने पूल कोसळला. हे त्यांनी मला घरी, परातभर बाजरीत काचेचे पेले उभे करून दाखवलं. एक पेला फुटला. "तुमना पूल पडना, आते बाजरी कोन निवडी?" काकूंनी विचारलं. नानांनीच निवडली, दुपारभर.

एका प्रकाशकांनी शेवटचं प्रकरण गाळून पुस्तक काढायची तयारी दाखवली होती. त्या प्रकरणात बॉम्बच नाहीत. खालची गावं, खालची माणसं आहेत, तीही सगळी नोंदींत सापडलेली नाहीत. नानांनी हस्तलिखित पिशवीत घातलं आणि घरी आणलं. यंदा अमृतमहोत्सवाला पुस्तक हवंच, म्हणून गौरव समितीने त्यांना समजवायला मला पाठवलं. नानांची नजर आता अधू झाली आहे. ते म्हणाले, "अक्षर दिसत नाही, भाऊ. तुम्ही वाचा, मी सांगतो, तुम्हीच लिहा. प्रकरण राहील." समजवायला गेलेला मी लेखनिक होऊन परतलो. म्हणून आज हा गौरवग्रंथ निघतो आहे आणि ज्यासाठी गौरव, तो ग्रंथ मागे आहे.

संस्कृतात आयुष्य शरद ऋतूंत मोजतात; मोजणाऱ्यांनी खानदेशचा उन्हाळा पाहिला नसावा. असे पंच्याहत्तर उन्हाळे काढलेल्या नानांचे पुढचे पंचवीस निरोगी आणि डोळस जावोत. मात्र नाना, प्रकरण याच उन्हाळ्यात संपवू. गेल्या रविवारी आपण माझ्या बातमीतल्या त्या दरीपाशी थांबलो. पान अजून कोरं आहे. वजन तुम्ही दुरुस्त केलं होतं; हे पान भरणं माझ्याकडे.