मिस्त्रींच्या पेटीतली नळी

मिस्त्री आणि त्यांचे साडू यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. बायका सख्ख्या बहिणी, म्हणून बोलणं पुरतं तुटलं नव्हतं एवढंच. मिस्त्री चाळीस वर्षं फक्त जुन्या गाड्या दुरुस्त करत आले होते आणि साडूंचा पेट्रोलपंप त्यांच्या गॅरेजच्या बरोबर समोर. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून मिस्त्री तिकडे सरळ नजरेनं बघत नसत.

गॅरेजच्या खिडकीत त्यांनी काचेची एक बाटली ठेवली होती. रंगानं मारलेल्या रेघेपर्यंत पाणी, त्यावर पेट्रोल. हलवून ठेवली की पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरे आणि पाणी रेघेच्या वर चढे.

"बघा, दारू पाजतोय गाड्यांना," असं ते येईल त्याला दाखवत.

"सगळ्या पंपांवर हेच येतं, मिस्त्री," साडू पलीकडून म्हणत. "मी काय घरी ऊस गाळतो?"

त्यात डॉक्टरीणबाईंची गाडी महिन्यात दोनदा बंद पडली. डॉक्टरांनी लग्नाच्या वर्षी घेतलेली. डॉक्टर गेले, तरी बाई तीच चालवत. मुलगा म्हणाला, "आई, तिसऱ्यांदा बंद पडली तर सरळ भंगारात."

मिस्त्रींनी बाईंना शब्द दिला. टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केला. पेट्रोलची नळीही पुन्हा बदलली, आणि ती आपल्या पत्र्याच्या पेटीतली. त्या गाड्या बनवणारा कारखाना बंद झाला तेव्हा त्यांनी अस्सल नळ्यांची भेंडोळी उचलून आणली होती. पावडर लावून, कागदात गुंडाळून ती जिवापाड जपली होती. साडूंनी मिस्त्रींच्या बायकोच्या हाती नव्या पद्धतीची नळी पाठवली, ती त्यांनी तशीच परत धाडली.

"त्याच्याकडची वस्तू माझ्या उंबऱ्याच्या आत नको."

"नळीनं काय घोडं मारलंय तुमचं?" बायको म्हणाली.

बाराव्या दिवशी गाडी नेमकी पंपासमोर थांबली. पेट्रोलचा भपकारा येत होता. बाई रस्त्याच्या कडेला पर्स घट्ट धरून उभ्या, मुलगा भंगारवाल्याला फोन लावत होता. मिस्त्री बाटली घेऊनच धावले.

"याच्या पेट्रोलनं मारली गाडी. जुन्या गाडीला हे पचत नाही."

"तेच म्हणतोय मी," मुलगा म्हणाला. "पेट्रोल तर आता सगळीकडे हेच. मग गाडी ठेवून करायचं काय?"

मिस्त्रींनी बाटली खाली ठेवली.

"आधी नळी काढा," साडू थंडपणे म्हणाले. "मग माझ्यावर तोंड सोडा."

मिस्त्रींनी नळी सोडवली. ती ओल्या पावासारखी फुगली होती. चिमटीत दाबताच टोक फाटलं आणि बोटं काळी झाली. नव्या नळ्यांसारखं इथेनॉल सोसेल असं ते रबरच नव्हतं. आणि वर्षापूर्वी याच पेटीतली नळी या गाडीला त्यांनीच बसवली होती. आधीचं दोनदा बंद पडणंही मग तिच्यामुळेच.

चूक पेट्रोलची म्हणावी तर गाडी भंगारात जाते. गाडी वाचवायची तर साडूंसमोर मान खाली घालावी लागते. मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं.

"गाडीत दोष नाही, बाई," ते म्हणाले. "नळी माझी होती. जुनी. मी चुकलो."

मुलानं फोन बंद केला. साडू आत गेले आणि ती परत आलेलीच नळी घेऊन आले. मिस्त्रींनी त्यांच्याकडे न बघता ती घेतली, रस्त्यावरच बसवली. गाडी चालू झाली.

"आता बाटली काढाल ना खिडकीतून?" साडूंनी विचारलं.

"बाटली खोटं बोलत नाही," मिस्त्री म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी झाली, भेंडोळी कचऱ्यात गेली. बाटली जागची हलली नाही. फक्त तिच्या शेजारी खिळ्याला ती फाटकी नळी टांगलेली होती, येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसेल आणि पंपावरून मुळीच दिसणार नाही अशा बेतानं.