मिठातून आलेली मोटार

कसबा बावड्यात कृष्णात ड्रायव्हर कोण म्हणून विचाराल, तर पोरगंसुद्धा घर दाखवील. तीस वर्षं हा माणूस कोल्हापुरातनं गुळाचा ट्रक भरून गुजरातला नेत होता आणि येताना मीठ घेऊन येत होता. गोड द्यायचं आणि खारट आणायचं, असला धंदा. त्याच्या गाडीतला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, कधी फुटला नाही, हा त्याचा तोरा. हमाल गाडी भरायचे आणि हा मागं कमरेवर हात ठेवून उभा. दोन रव्यांच्या मधी बोट शिरलं की सगळी थप्पी परत उतरवायला लावायचा. "माल हलला की मेला," हे त्याचं वाक्य गूळबाजारात सगळ्यांना पाठ होतं. हमाल त्याला मनातल्या मनात काय काय म्हणायचे, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एवढ्या खमक्या माणसाला १९९७ च्या उन्हाळ्यात लोकांनी एसटीडी बूथच्या पायरीवर डोकं धरून बसलेलं बघितलं. कारण एक मोटार. तीही चालणारी नव्हे. साठ वर्षांची, काळी, बंद पडलेली फोर्ड, भावनगरजवळच्या एका जिनिंग मिलच्या शेडमध्ये कोंबड्यांनी घर केलेली.

आता हे काय खूळ, असं त्याच्या बायकोला, शालूबाईलाही वाटलं होतंच. पण तिला कारण ठाऊक होतं. कारण घरात बाजल्यावर झोपलेलं होतं. कृष्णातचे वडील, गुंडूआबा. शहाऐंशी वर्षांचे. तरुणपणी आबा एका सरदारांच्या मोटारखान्यात मोटार धुवायला होते. अकरा वर्षं त्यांनी एकच मोटार धुतली, काळी फोर्ड. पण धुवायची ती बाहेरून. आत हात घालायचा नाही. आतलं झाडणंपुसणं ड्रायव्हर करायचा, त्याची जात चालायची. दार उघडलं की आबांनी पाच पावलं मागं सरायचं आणि मान खाली घालायची. पाणी चालत होतं, फडकं चालत होतं, नजर चालत नव्हती. पुढं संस्थान गेलं, मोटार कुठल्याशा कापसाच्या व्यापाऱ्याला विकली गेली, छप्पन्न साली आबांनी धम्माची दीक्षा घेतली आणि नंतर साखर कारखान्यात नोकरी धरली. ती मोटार त्यांनी पुन्हा बघितली नाही.

आबा हे सगळं सांगताना कधी कडू झाले नाहीत, हेच कृष्णातला सोसायचं नाही. शिव्या तरी द्याव्यात माणसानं. पण त्या चैत्रात आबांनी अन्न सोडलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून "घरी न्या" म्हणून सांगितलं, तेव्हा काय ते समजलं. आणि एका दुपारी म्हातारा छताकडं बघत म्हणाला, "एकदा आत बसून बगायला पायजे हुतं रं."

झालं. कृष्णातच्या डोक्यात किडा शिरला.

भावनगरकडची ती काळी फोर्ड त्याला वर्षानुवर्षं माहीत होती. मिलच्या मालकानं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की, आजोबांनी ती दख्खनमधून आणली, कोल्हापूरच्या बाजूनं. तेवढं कृष्णातला बास होतं. तीच असणार. दुसरी कुठली असणार? बूथवरनं मालकाला फोन लावून, शेवग्याच्या बागेचा तुकडा विकून आलेल्या पैशातनं त्यानं ती भंगाराच्या भावात घेतली. मालकानं एकच सांगितलं: महिनाअखेरीला शेड पाडणार आहे, त्याआधी उचला. नाहीतर कटरवाला येतोय.

म्हणजे इकडं म्हातारा चालला, तिकडं मोटार चालली आणि मधी हजार किलोमीटर.

नव्या मोटारी वाहणाऱ्या ट्रेलरवाल्याकडं गेला, तर तो कागदं मागायला लागला. कागदं कुठली? ती मिलवाल्याच्या आजोबांबरोबर गेली. रेल्वेच्या बुकिंगवाल्यानं सांगितलं, मधी रुळांची रुंदी बदलते, उतरवून परत चढवावी लागेल, पंधरा दिवस धरा. कृष्णात म्हणाला, "पंधरा दिवस तुमच्याकडं असतील साहेब, आमच्याकडं न्हाईत." उद्यमनगरातल्या क्रेनवाल्यानं तर, "पावणं, म्हातारा तिकडंच नेऊन बसवा की," असा सल्ला दिला. त्याला कृष्णातनं जे उत्तर दिलं, त्यानं क्रेनवाला दोन दिवस गप्प होता म्हणे.

शेवटी अमरेश उभा राहिला. हा कुरुंदवाडचा, लिंगायत घरातला, पस्तिशीतला. ड्रायव्हिंग कृष्णातच्या हाताखाली शिकलेला. तो गूळ घेऊन भावनगरला निघालाच होता. "अण्णा, येताना म्या घालून आणतो की गाडीत. दोन दिसाचं काम," म्हणाला. आबांना सोडून कृष्णात जाऊ शकत नव्हता. जाऊ शकला असता, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. हे त्यानं नंतर स्वतःच्या थोबाडीत मारून घेत शंभरदा म्हटलं.

तिसऱ्या दिवशी बूथवर अमरेशचा फोन आला. मोटार जेसीबीनं उचलून ट्रकमध्ये चढवली होती. पण ट्रकचा मालक एवढ्या एका डबड्यासाठी रिकामी गाडी आणू देत नव्हता. मिठाची पोती भरायला सांगत होता. मोटारीच्या दोन्ही अंगाला जागा होती, तीत बसत होती.

"अण्णा, मीठ हाय," अमरेश म्हणाला. एवढंच म्हणाला.

कृष्णातला का माहीत नव्हतं मीठ म्हणजे काय? तीस वर्षांत मिठानं त्याच्या दोन ट्रकांचे तळ खाल्ले होते. पण त्याला दिसत होतं दुसरंच. घाटात मोटार हलणार, फाळक्यावर आदळणार, काच फुटणार, दार निखळणार. माल हलला की मेला. गूळबाजाराची अक्कल तोंडाला आली. "दोनच दिस तर हाईत," तो म्हणाला. "भर. दोन्ही बाजूनं खिडकीपातूर भर. बोट शिरंल एवढी फट ठेवू नको."

अमरेशनं उस्तादाचा शब्द पाळला. बोट शिरेल एवढी फट ठेवली नाही.

दोन दिवस गेले, तिसरा गेला. चौथ्या दिवशी वलसाडहून फोन. गिअरबॉक्सचा दात तुटला होता, गाडी हमरस्त्याच्या कडेला उभी. समुद्राची हवा, अंगाला चिकटणारी. वर ताडपत्री होती, पण दोन ठिकाणी फाटकी. आणि कालपासून पाऊस भुरभुरत होता.

"मीठ पाझराय लागलंय अण्णा."

कृष्णातनं फोन ठेवला आणि तसाच उद्यमनगरात पळाला. कोल्हापुरात काय वाटेल ते लेथवर करून मिळतं, ही एक गोष्ट देवानं बरी केली. ओळखीच्या कारागिरानं हातातलं काम बाजूला टाकून गिअरचं चाक कापून दिलं. ते पोत्यात गुंडाळून कृष्णात शिरोलीच्या नाक्यावर उभा राहिला. पुण्याला जाणारा पहिला ओळखीचा ट्रक थांबवला. "पुण्यात वडगावला कुणाला तरी दे, त्यानं वापीच्या गाडीला द्यायचं, नाव अमरेश, वलसाडच्या अलीकडं." ड्रायव्हर लोकांची ही रीत असते. चिठ्ठी नाही, पावती नाही, शब्दावर माल जातो. आणि जातोही नीट. पण किती दिवसांत, ते कोण सांगणार?

चार दिवस गेले त्यात. मोटार येतेय, हे कृष्णातनं आबांना सांगून टाकलं होतं. रोज सकाळी ते डोळे उघडायचे आणि विचारायचे, "आली का?" कृष्णात म्हणायचा, "आली की, पुण्याच्या म्होरं आली." खोटं बोलायचा आणि शिरोलीच्या नाक्यावर जाऊन उभा राहायचा. ट्रकमागून ट्रक जायचे, वाळूचे, सिमेंटचे, उसाच्या मळीचे. अमरेशचा नव्हता. हॉटेलवाल्यानं चहा दिला तर पेला हातात धरून येणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचत बसायचा. हा माणूस घाबरला होता. मरणाला नाही घाबरला, आबांचं वय झालं होतं, ते तो समजून होता. म्हातारा जाताना मनात ती एक गोष्ट घेऊन जाईल, याला घाबरला होता. डोळे मिटले की त्याला मोटार दिसायची नाही, पोती दिसायची. ओली. पांढरी. काळ्या पत्र्याला बिलगलेली. आणि त्याचा स्वतःचा आवाज यायचा, फट ठेवू नको म्हणणारा.

पाचव्या दिवशी आबांनी विचारायचं सोडलं. नुसते दाराकडं बघायचे. ते जास्त वाईट होतं. शालूबाई स्वयंपाकघरात जाऊन रडून आली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी सांगितलंसाच कशाला त्यास्नी? न सांगता आणायची हुती." सांगितलं नसतं तर म्हातारा इतके दिवस टिकला नसता, असं कृष्णातला वाटत होतं.

ट्रक आला तो पाच जूनला, भर दुपारी. नेमकी अमावास्या. अमरेश खाली उतरला आणि कृष्णातच्या पाया पडला. त्यानं सरळ बावड्यात, घरासमोरच गाडी आणली होती. मागचा फाळका सोडला तेव्हा आतून जो वास आला, तो ड्रायव्हरांनाच कळतो. ओलं लोखंड आणि मीठ. पोती खिडकीपर्यंत. मधी मोटारीचं नुसतं टप दिसत होतं, आणि काळं होतं ते तपकिरी झालं होतं.

कृष्णात हमाल आणायला पळाला. बाजारातल्या हमालांनी हात वर केले. अमावास्येला मालाला हात लावायचा नाही, ही तिथली जुनी रीत. टोळीचा मुकादम हंबीरराव, वीस वर्षांचा ओळखीचा, मान खाली घालून म्हणाला, "उद्या पाटं येतो कृष्णात. आज न्हाय. पोरंबाळं हाईत आमास्नी." पहाटेपर्यंत काय होईल, ते कृष्णात त्याला काय सांगणार? भांडायचंही बळ उरलं नव्हतं. परत आला तो आपल्या वस्तीत आणि समाजमंदिराच्या पायरीवर बसलेल्यांना म्हणाला, "आपल्याला अमुशा हाय का रं?"

"कसली अमुशा?" म्हणून सहा-सात जण शर्ट काढून उठले.

डावी बाजू मोकळी करायला घेतली. ओल्या मिठाचं पोतं काय वजनाचं असतं, ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. हातांच्या भेगांत मीठ शिरून सगळे कळवळत होते, पण एकानंही हात थांबवला नाही. मागचं दार दिसलं. मूठ फिरवली, ती कृष्णातच्या हातात निघून आली. मग पहार घातली. दार उघडलं नाही, सबंध निखळून पोत्यांवर पडलं. आधीच साठ वर्षांचा, पोखरलेला पत्रा, तो हाताला लागेल तिथं पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत होता. मडगार्ड कुठलं आणि गंज कुठला, काही कळत नव्हतं.

मोटार खाली उतरवायचा विचारच सोडावा लागला. तळ राहिला नसता. मग म्हाताऱ्यालाच वर न्यायचं ठरलं. चौघांनी घोंगड्यात घालून आबांना ट्रकवर चढवलं. दाराजवळ आल्यावर आबांनी "थांबा" अशी खूण केली आणि हात लांब करून मोटारीच्या अंगावरून फिरवला. बराच वेळ फिरवला. तळव्याला तांबडी भुकटी लागली, तिच्याकडं बघितलं आणि "आत न्या" अशी खूण केली.

मागच्या सीटवर त्यांना बसवलं. सीटची स्प्रिंग करकरली. चामडं फाटलं होतं, तरी रंग ओळखू येत होता, लालसर. उजव्या खिडकीतून पोतीच दिसत होती. आबा पाठ टेकून बसले. शालूबाई खाली उभी राहून पदर तोंडाला लावून बघत होती. सगळी वस्ती गोळा झाली होती.

कृष्णात दाराच्या जागी ओणवा झाला. आता एवढं एकच ऐकायचं होतं त्याला.

"आबा, तीच न्हवं का ही?"

आबांनी वर टपाकडं बघितलं, समोरच्या सीटकडं बघितलं, मांडीखालच्या चामड्यावरून बोटं फिरवली. मग पोराकडं बघितलं.

"भायेरचं समदं मिठानं खाल्लं बाबा," ते म्हणाले. "भायेरनं असती तर डोळं झाकून सांगितलं असतं. आत कदी मी आलोय, वळखायला?"

कृष्णात मटकन खाली बसला, ओल्या पोत्यांवरच. अमरेश दुसरीकडं तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळानं कृष्णातनं उठून घोंगडं पुढं केलं आणि म्हणाला, "चला आबा, उतरूया."

"थांब की जरा," आबा म्हणाले. "बगून घेतो आदी."

आणि ते बसून राहिले, उन्हं उतरेपर्यंत. कुणी त्यांना उठवलं नाही.