सरबताचे डाग

पुण्याजवळ माणला आमच्या घरातल्या सगळ्या खोल्या कंपन्यांतल्या पोरांना भाड्याने दिल्यात, एक सोडून. तिच्यात माझी जुनी हिब्रू पुस्तकं आहेत. "त्यातलं एक अक्षर तरी कळतंय व्हय तुमास्नी?" बायको विचारते. नाही कळत. पण मुंबईत छापलेल्या या पोथ्यांत हिब्रूच्या खाली आपली मराठी असते. कोकणातल्या ज्यू घरांत त्या वाचल्या जायच्या. कुठली पोथी कुणाच्या घरातली, हे शोधायचा मला नादच लागलाय.

सगळ्यात जुनी मारुंजीच्या भंगारवाल्याकडे मिळाली. त्यांच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची, गुलामीतून सुटल्याची गोष्ट. एका पानावर तपकिरी डागच डाग. आत लिहिलेलं आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेलं. फोनाफोनी करत पुण्यातल्या एका आजींचा पत्ता लागला. त्यांनी पोथी परत मागितली तर? या धास्तीने मी दोनदा जायचं टाळलं.

शेवटी गेलो. आजींनी पोथी उजवीकडून उघडली आणि थेट डागांचं पान काढलं.

"गुलाम करणाऱ्या राजावर आलेल्या दहा संकटांची नावं घेताना मनुकांच्या सरबतात बोट बुडवून थेंब बशीत टाकायचे. बाबांचे बशीत पडायचे, माझे इथे." हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. भाऊ इस्रायलला गेला, घर मोडलं, पोथ्या कुठे गेल्या ते कळलंच नाही, म्हणाल्या.

'ठेवा तुमच्याकडे' म्हणायला माझी जीभ काही उचलेना.

त्याच म्हणाल्या, "आमच्यात जीर्ण पोथी टाकत नाहीत, पुरतात. सध्या तुमच्याकडेच राहू दे. मी गेले की घेऊन या. माझ्याबरोबर जाऊ दे."

तेव्हापासून त्यांना उदंड आयुष्य मिळो, असं मी मनापासून म्हणू लागलो. स्वार्थच होता. शनिवारी त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा वार; त्या फोन घेत नाहीत, म्हणून रविवारी सकाळी ख्यालीखुशाली विचारायची. सरबत कसं करायचं तेही त्यांनी सांगितलं. बायकोने केलं, बरं झालं होतं.

गेल्या रविवारी फोन उचलला गेला नाही. परत केला, नुसता वाजत राहिला. मी पोथी काढली, धुतलेल्या पंच्यात गुंडाळली आणि चपला घालून गाडीची किल्ली शोधायला लागलो. तेवढ्यात त्यांचाच फोन.

"अंघोळीला गेले होते हो. एवढं काय?"

मी पायरीवर मटकन बसलो. रडूच आलं. पोथी मांडीवर होती, आणि ती आता आपल्या हातून जाणार, हे एवढ्या वेळात एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.