तीन शिफ्टमध्ये वाजलेलं गाणं

माझं गाणं सहा दिवसांत इतकं ऐकलं गेलं, की ते बंद करण्यात आलं.

हे समजायला आधी माझा आवाज समजायला हवा. तो नाहीच, असं माझ्या शाळेचं मत होतं. इंग्रजी माध्यमाच्या त्या शाळेत हजेरीच्या वेळी मी "प्रेझेंट" इतकं हळू म्हणायचे, की सातवीत मी आठवडाभर गैरहजर ठरले आणि घरी पत्र आलं. (पत्र मीच नेऊन दिलं!) आता मी भिलाईतच एका शाळेची लायब्ररी सांभाळते. माझा आवाज गुण म्हणून धरला जाईल अशी दुसरी नोकरी मला माहीत नाही.

अशा मुलीने गाणं केलं. मराठीत केलं, कारण मराठी मी फक्त घरात बोलते, बाहेर सगळं हिंदी. म्हणजे ते कुणाला कळायची भीती नाही. भिलाईच्या मरोदा वस्तीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये गोधडी डोक्यावर घेऊन, गिटार मांडीत घेऊन मी ते फोनवर रेकॉर्ड केलं. गोधडीत डांबरगोळ्या होत्या. दुसऱ्या कडव्यानंतर मला खोकला आला. तो मी तसाच ठेवला, कारण हल्ली स्वतंत्र कलाकारांचं गाणं थोडं कच्चं असलं तर लोकांना आवडतं म्हणे. खरं नाव लावायची हिंमत नव्हती, म्हणून 'मरोदा मून' असं नाव घेतलं आणि एका गुरुवारी, श्वास रोखून, ते जगासाठी खुलं केलं.

जगाच्या आधी ते बाबांना कळलं. आमच्या घरात गॅस, वीज, आधार आणि माझं आयुष्य, सगळ्याला एकच मोबाईल नंबर लावलेला आहे. बाबांचा. गाणं लागल्याचा मेसेजही तिथेच गेला.

"मरोदा मून म्हंजे काय वं?" बाबांनी फोन हातभर लांब धरून विचारलं. "कुम्हारीच्या हायवेवरची लॉज हाय का?"

मी सांगितलं. आईच्या हातातलं लाटणं थांबलं.

"तू गानं गायलं? आन् आमाले कावून नाही सांगितलं?"

"सांगणारच होते," मी म्हणाले. (नव्हते.)

बाबांनी फोन कानाला लावला, कुणाचा कॉल आल्यासारखा. सुरुवातीला वीस सेकंद फक्त हवेचा आवाज आहे. ते मला फार सुंदर वाटलं होतं.

"कोनी बोलूनच नाही राहिलं."

"थांबा ना बाबा, येईल."

आलं. बाबांनी कपाळाला आठ्या घालून तीन मिनिटं बारा सेकंद ऐकलं आणि फोन आईकडे दिला. "तू गाऊन राहिली का चहा फुकून राहिली?" मग, "किती लोकाईनं ऐकलं?"

"अकरा." (त्यातले सात वेळा मीच.)

आणि इथे मी ते वाक्य बोलले, ज्याने पुढचं सगळं घडलं. एका वेबसाईटवर दर शुक्रवारी नव्या स्वतंत्र कलाकारांच्या गाण्यांची यादी येते. मेटल, रॅप, लोकसंगीत, गझल, सगळे प्रकार. आणि या यादीतून ज्यांची गाणी मी चार वर्षं शोधत आले, ते सगळेच माझ्यासारखे घराघरांत लपून गाणारे. मी त्या वेबसाईटवाल्यांना गाणं पाठवलं होतं आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी ते पुढच्या शुक्रवारच्या यादीत घेतलं होतं, 'बेडरूम पॉप' या प्रकारात. ("हे आत्याले नको सांगू," आई घाईने म्हणाली.) मी बाबांना एवढंच म्हणाले, "शुक्रवारपर्यंत अजून थोडे ऐकणारे असते तर बरं दिसलं असतं."

माझे बाबा एकतीस वर्षं भिलाईच्या पोलाद प्लांटच्या कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर, आहेत. तिथल्या भट्ट्या एकदा पेटल्या की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. थंड झाल्या तर आतल्या विटा तडकतात. सण असो, संप असो, भट्टी जळत राहिली पाहिजे. अशा माणसासमोर मी 'थोडे ऐकणारे' म्हणाले! बाबांनी फक्त मान हलवली. घरात पुन्हा कुणी गाण्याचा विषय काढला नाही. मला हायसं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. पण ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण मी काहीच सांगत नाही.

शनिवारी ऐकल्याचा आकडा नऊशेवर गेला. सोमवारी चार हजार!

गाणं कुठे कुठे वाजतंय ते दाखवणारा नकाशा मी उघडून पाहिला. भिलाई, दुर्ग, कुम्हारी, हथखोज. तेव्हा मी स्वतःला समजावलं, की मोठे कलाकार आधी आपल्याच मुलखात गाजतात. बाथरूमच्या आरशासमोर मी मुलाखतीचं एक उत्तरही तयार केलं. ("प्रसिद्धी? मी कधी तिचा विचारच केला नाही.")

लोक म्हणतात, बोलत नाही पण या मुलीचं लक्ष फार. खरं आहे. माझं लक्ष होतं, की आईच्या एका कानात दिवसभर पदराखालून काहीतरी खुपसलेलं असतं. विचारलं तर म्हणाली, "कान दुखून राहिला." मी औषधाचे थेंब आणून दिले. तिने ते मुकाट्याने दुसऱ्या कानात घातले. बाबा कॅलेंडरची गुंडाळी काखेत घेऊन फिरत होते. "सेफ्टीचं काम हाय." त्यांच्या शिफ्टमधले साहू काका रोज एकच पाना परत करायला येत होते आणि माझ्याकडे देवळात बघावं तसं बघत होते. माझं सगळ्याकडे लक्ष होतं. अर्थ मात्र एकाचाही लागला नाही.

बुधवारी संध्याकाळी मेल आला. गाणी पोचवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं, की हे गाणं मोजक्या ठिकाणांहून दिवसरात्र, एक मिनिटही न थांबता वाजत आहे; माणसं अशी ऐकत नाहीत; हे यंत्राचं काम आहे; सबब गाणं काढून टाकलं आहे. मी ते घरच्यांना मराठीत वाचून दाखवलं. परवा शुक्रवार. यादीत माझ्या नावासमोर काहीच वाजणार नव्हतं, आणि ज्या लोकांसारखं व्हायचं म्हणून मी चार वर्षं जगले त्यांच्यासमोर मी लबाड ठरणार होते.

आईच्या कानातून इअरफोन गळून पोळीवर पडला. फोनमध्ये साठलेलं गाणं अजून चालूच होतं; त्यातून मी गात होते.

"मानूस असं ऐकत नाही म्हंते?" बाबा उठून उभे राहिले. भट्टी बंद पडल्याची खबर आल्यावर उठतात तसे. "एकतीस वर्षं झाली मले! मानूस कसा ऐकते ते थे मले शिकवन?"

मग गुंडाळी उघडली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने आखलेला ड्युटी चार्ट! ए शिफ्टला आई (तिला ओव्हरटाइमही) आणि तिचं भजन मंडळ. बी शिफ्टला हथखोजचे मामा आणि त्यांच्या वर्कशॉपमधली लेथवरची पोरं. सी शिफ्टला दुर्गच्या रेल्वे कॉलनीतल्या आत्याच्या सासूबाई, ज्यांना तशीही झोप येत नाही. पॉइंट, म्हणजे ड्युटीची जागा, सुटू नये म्हणून मधल्या वेळेला साहू काका, मोटरसायकलवर.

"कुम्हारी से मरोदा, पूरा बारह बार बजता है, नोनी," साहू काका अभिमानाने म्हणाले. (ते पाना घेऊन दारातच उभे होते; नोनी म्हणजे त्यांच्या छत्तीसगढीत पोरी.) "रेलवे फाटक बंद मिल गया तो पंद्रह!"

"आन् रिलीव्हर आल्याशिवाय कोनी जागा नाही सोडली," बाबा म्हणाले. "आवाज बंद करून लावाची बी परवानगी नव्हती. म्या सांगितलं होतं, ऐकाचं म्हंजे ऐकाचं."

"तुले लाज वाटन म्हनून नाही सांगितलं," आई म्हणाली.

"अहो, तुम्ही हे काय करून ठेवलंत!"

हे मी म्हणाले. म्हणजे ओरडले. भांडी घासायच्या जागेवरचा कावळा उडाला. शेजारच्या क्वार्टरचं दार उघडलं. माझ्या जन्मापासून त्या घरात एवढा आवाज माझ्यातून निघाला नव्हता.

 बाबांचा चेहरा खुलला.

"आवाज तं हाय हिले! गान्यात कावून नाही टाकला?"

मी चार्ट हिसकावला आणि खोलीत जाऊन दार लावलं. फाडायचाच होता. पण शेवटच्या रकान्याकडे लक्ष गेलं. प्लांटच्या लॉगबुकात असतो तसा 'शेरा' होता, आणि ड्युटी संपल्यावर प्रत्येकाने तो भरला होता, सहीसकट.

"पहिले समजलं नाही. नवव्या बारीले रडू आलं." भजन मंडळाच्या एका काकू.

"पोरगी बरी आहे, जेवत नाही वाटते." दुसऱ्या काकू.

"लेथ चालू असताना ऐकू येत नव्हतं, म्हणून लेथ बंद केली. मामा रागावले. मग मामाने पण ऐकलं." हथखोज.

"पहाटे डोळा लागला. तीन वेळा सुटलं. माफी असावी." आत्याच्या सासूबाई, वय अठ्ठ्याऐंशी. अक्षर फार सुंदर.

आणि सगळ्यात खाली बाबांचं अक्षर. गाण्यात लहानपणीची एक खिडकी आहे. प्लांटमध्ये लोखंडाची तापलेली मळी ओतली की संध्याकाळचं आभाळ लाल होतं, आणि खिडकीतल्या मुलीला कळतं, की आपलं माणूस तिथे आहे. 'आभाळ लाल झालं म्हणजे तू आहेस', एवढीच ओळ परत परत येते. बाबांनी लिहिलं होतं, "गाणं माझ्यावर आहे असं वाटते. विचारलं नाही."

मी चार्ट फाडला नाही. तो मांडीवर घेऊन त्यातली नावं मोजली. अकरा अनोळखी कान मिळावेत म्हणून मी देवाला नवस बोलले होते, आणि इथे एक्केचाळीस माणसं घड्याळ लावून, जागा न सोडता, माझं पुटपुटणं ऐकत बसली होती. एवढं कुणी कुणाचं ऐकतं का? कंपनीचं खरंच होतं. माणसं अशी ऐकत नाहीत.

बाहेर येऊन मी दोन कामं केली. यादीच्या संपादक बाईंना सगळं खरं लिहून टाकलं. आणि बाबांनी आधीच लिहायला घेतलेला 'घटना अहवाल' (कारण, परिणाम, पुढील उपाययोजना!) इंग्रजीत करून, चार्टच्या फोटोसह कंपनीला पाठवला.

संपादक बाईंचं उत्तर सकाळी आलं. उद्याच्या यादीसाठी आज संध्याकाळपर्यंत वाजणारं काहीतरी हवं. गाताना साधा व्हिडिओ केला तरी चालेल.

व्हिडिओ म्हणजे तोंड दाखवून. मी नाही म्हणायच्या आत बाबांनी फोन फिरवले. "चार वाजता सगळे अंगनात. सासूबाईले रिक्षानं आना."

चार वाजता एक्केचाळीसच्या एक्केचाळीस हजर! मामांनी मोबाईल धरायला लोखंडाचं स्टँड वेल्डिंग करून आणलं होतं, ते उचलायला दोघं लागले. मी जांभळाच्या झाडाखाली स्टुलावर बसले. गिटार होती, घसा नव्हता. पहिली ओळ मी थेट सातवीतल्या हजेरीसारखी म्हटली.

दुसरी ओळ मला म्हणावीच लागली नाही. एक्केचाळीस माणसं म्हणाली. काकू भजनाच्या ठेक्यात, लेथवाले टाळ्यांवर, साहू काका छत्तीसगढी ढंगात, आत्याच्या सासूबाई डोळे मिटून. गाणं त्यांना श्वासासकट पाठ होतं. मी मान खाली घालून वाजवत राहिले, कारण मान वर केली असती तर रडले असते. दुसरं कडवं संपलं. आणि अंगणातली सगळी माणसं, एकाच वेळी, ठेक्यात, खोकली!

मी हसले आणि वाजवता वाजवता बाबांकडे पाहिलं. "हो," मी म्हणाले. "तुमच्यावरच आहे."

"माहीत हाय," बाबा म्हणाले. "गा आता. लाइन रिकामी नको जाऊ देऊ."

शुक्रवारी यादी आली. डोंगरातला मेटल बँड, दोन रॅपर, एक गझल, आणि आम्ही. संपादक बाईंनी मला 'बेडरूम पॉप'मधून काढून 'समूहगीत' या प्रकारात टाकलं होतं. (आई निर्धास्त झाली. आत्याला तिनेच फोन केला.) दोन आठवड्यांनी कंपनीनेही मूळ गाणं परत लावलं, चार्टमधला कोणता शेरा त्यांना पटला, ते कळलं नाही.

व्हिडिओखाली अगदी अनोळखी माणसाची पहिली प्रतिक्रिया मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. आयुष्यात प्रथमच मोठ्याने.

"फार सुंदर गायलंत सगळ्यांनी. फक्त ती गिटारवाली मुलगी मधेमधे काहीतरी पुटपुटते, तिला पुढच्या वेळी गप्प बसायला सांगा."