नेम लागला, तीच फजिती

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागले की मलाच आधी हसू फुटतं आणि तुमच्या पदरात काही पडत नाही.

गोष्ट जयपूरची, ऐंशीच्या दशकातली. आमचे हे फौजेत. भर उन्हाळ्यात तिथे बदली झाली आणि सामान लावून होतंय न होतंय तोच हे युनिटबरोबर सरावाला निघून गेले. घरात उरलो मी आणि आमची रेवा. वय अकरा-बारा, राग नाकाच्या शेंड्यावर. पुन्हा नवी शाळा, पुन्हा नव्या मैत्रिणी शोधा.

"मतलब, इथे मला कोणी ओळखतच नाही ना, आई," एवढं म्हणाली आणि बोलायचीच बंद झाली. तिचं मराठी असंच, हिंदीचा हात धरून चालणारं. पण तेही ऐकू येईना, तेव्हा ते सरकारी घर मला खायला उठलं.

अशात शेजारच्या नीलूभाभी आल्या. त्यांच्या मेजरसाहेबांनी अमेरिकेहून प्लॅस्टिकच्या फ्रिस्बी, म्हणजे फेकायच्या चकत्या, आणल्या होत्या आणि तिकडे बघितलेला एक खेळही. चेंडू नाही, काठी नाही, पण म्हणायचं गोल्फच. मुलांना जमवून रविवारी पार्कात खेळायचं ठरलं होतं.

"पेड़ पर लटका रहेगा, उसी में डालना है. फिर अगला पेड़. बच्चों का खेल है, भाभीजी," असं म्हणून त्यांनी एक लाल फ्रिस्बी माझ्या हातात ठेवली.

मी मनात म्हटलं, अनोळखी मुलांसमोर रेवाची चकती भलतीकडे गेली, तर ही पोर पुन्हा कुणात मिसळायची नाही. म्हणून शनिवारी सकाळीच, सरावासाठी, तिला ओढत पार्कात नेलं. सगळं स्वतःच्या डोक्यानं, बरं का.

आणि खरंच, कडुनिंबाच्या फांद्यांना मातीची पसरट भांडी टांगलेली. तीन दोऱ्यांच्या शिंक्यात, हाताला येतील अशी.

"बघ, तयारी करूनसुद्धा ठेवलीय," मी म्हटलं.

रेवानं टाचा उंचावून आत डोकावलं. "आई, यात पाणी आहे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण लेकीसमोर 'मला माहीत नाही' म्हणायचं म्हणजे जिवावर येतं. "असणारच," मी म्हटलं. "पाणी उडालं की नेम लागला. लांबूनही कळतं." या युक्तीचं मला इतकं कौतुक वाटलं की विचारू नका.

माझी पहिली फेक बोगनवेलीत गेली. रेवाची मात्र थेट भांड्यावर. ते झुललं, पाणी फस्सकन उडालं, आणि रेवा हसली. अहो, बदलीची बातमी आल्यापासून ते हसू मी ऐकलं नव्हतं. मग काय, आम्ही या झाडावरून त्या झाडावर, नुसत्या सुटलो.

बाकावर एक म्हाताऱ्या बाई जपमाळ ओढत बसल्या होत्या. त्यांचा जप थांबला होता. मी आपली उत्साहानं हाक मारली, "माँजी, आप भी आइए. बहुत आसान है."

त्या उठल्या, पण दुसरीकडेच गेल्या. परतल्या त्या आणखी चार-पाच जणांना घेऊन. "बघ रेवा, बघायला माणसं जमली," मी म्हटलं, पदर खोचला आणि सगळा जोर लावून चकती फेकली. भांडं फुटलं. मी दोन्ही हात वर केले.

कुणी टाळी वाजवली नाही.

"बहनजी," माँजी हळूच म्हणाल्या, "चिड़ियों ने आपका क्या बिगाड़ा है?"

ते परिंडे होते. उन्हाळ्यात पाखरांना पाणी मिळावं म्हणून तिथली माणसं झाडांना ते टांगतात आणि रोज येऊन भरतात. आम्हा साताऱ्याकडच्यांना कुठलं ठाऊक? नीलूभाभींच्या टोपल्या रविवारी लागायच्या होत्या.

लाज तर वाटलीच. पण त्याहून भीती वाटली ती रेवाची. आत्ताच कुठे हसली होती, आता ही या गावात घराबाहेर पाऊल टाकेल का? तिनं माझ्याकडे पाहिलं, खापऱ्यांकडे पाहिलं. कुंपणावर एक साळुंकी चोच उघडी टाकून बसली होती.

"माँजी, हम सब भर देंगे," रेवा म्हणाली. फ्रिस्बी उपडी होती ती उताणी केली आणि नळाकडे धावली.

तिच्याच मागून मी सगळी झाडं पुन्हा फिरले. फुटलेल्या भांड्याच्या शिंक्यात रेवानं पाण्यानं भरलेली ती फ्रिस्बीच बसवली. माँजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला म्हणाल्या, "आप ज़रा दूर ही रहिए."

रविवारी नीलूभाभींनी फ्रिस्बी मागितली. मी तोंड उघडायच्या आत रेवानं सगळ्या पोरांना अख्खी हकीकत ऐकवली. माझं पदर खोचणं, हात वर करणं, सगळं साग्रसंगीत करून दाखवलं. पोरं हसून लोळायला लागली आणि ही त्यांच्या मधोमध उभी. वाईट वाटायला हवं होतं, पण मला तर भरूनच आलं.

मग माझी पाळी आली. वेताच्या टोपल्या, धुण्याच्या असतात तेवढ्या मोठ्या. एक चकती गेली बाकाखाली, दुसरी माळ्याच्या पाटात, तिसरी कुठे गेली ते अजून कळलेलं नाही.

रेवा नव्या मैत्रिणीचा हात धरून धावत आली.

"आई, टोपलीत पाणी भरू का? मतलब, तरच तुझा नेम लागतो ना."