चपटीतलं तेल

अरुक्काणीचं सिनेमातलं काम पावडरमुळे हुकणार होतं.

दिग्दर्शक टिजो पहिल्यांदा कालव्यापलीकडच्या वसाहतीत आला, तेव्हा ती कामावरून येऊन, अंघोळ करून ओट्यावर बसली होती. केसांत मोगरा, तोंडाला पावडर, अंगावर इस्त्रीची साडी. टिजोनं चिखलातून बूट वाचवत तिच्यापुढे येऊन मल्याळीत ताई म्हणत विचारलं, "चेची, इथल्या सफाई कामगार बायका कुठे भेटतील?"

"आंधळा आहेस का रे?" शेजारची पेच्ची दारातून ओरडली. "समोर बसलीय की! बत्तीस वर्षं झाडतेय तुझं गाव."

टिजो ओशाळला. पोरगा मनानं वाईट नव्हता. सफाई कामगारांवर सिनेमा काढायचा म्हणून दोन वर्षं वणवण करत होता. पण त्याच्या मदतनीस पोरीनं लगेच वहीत लिहून घेतलं, की शूटिंगच्या दिवशी पावडर नको, फुलं नकोत, केस विस्कटलेले हवेत.

"का बरं?" अरुक्काणीनं विचारलं.

"खरं वाटायला हवं ना, चेची."

"घाण आम्ही काढतो बाई, अंगाला फासून मिरवत नाही," अरुक्काणी म्हणाली, आणि आत जाऊन सगळ्यांसाठी कोरा चहा टाकला. तो चहा टिजोनं प्यायला. मदतनीस पोरीनं पेला हातात धरून ठेवला आणि जाताना तसाच भरलेला ओट्यावर ठेवला. अरुक्काणीनं ते बघितलं. असल्या गोष्टी तिच्या नजरेतून कधी सुटत नसत.

तिच्या आजोबांना पुत्तनकडवच्या नगरपालिकेनं तमिळ मुलखातल्या पोल्लाचीकडून आणलं होतं, घरोघरच्या संडासाच्या बादल्या उचलायला. ते काम हातात धरणारं इथलं कुणी सापडेना. कालव्यापलीकडच्या दलदलीत त्यांना सात खोल्या बांधून दिल्या. तीन पिढ्या झाल्या, खोल्यांना गळती लागली, बादल्या जाऊन गटारं आली, पण तमिळी माणसाला 'पांडी' म्हणून हिणवायची गावाची खोड काही गेली नाही. अरुक्काणीचा जन्म इथला, तिच्या आईचाही इथलाच. तरी बाजारात तिनं मासळीच्या भावावरून हुज्जत घातली, की कुणीतरी विचारायचंच, "गावाला कधी जाणार?"

सतराव्या वर्षी तिचं नाच्चिमुत्तूशी लग्न झालं. तुंबलेली गटारं मोकळी करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अंगानं काटकुळा, बोलायला मिठ्ठास, आणि अख्ख्या वसाहतीत दारूच्या थेंबाला न शिवणारा एकटा. यात पुण्याईबिण्याई काही नव्हती. माडीचा नुसता वास आला तरी त्याला मळमळायचं. गळ्यापर्यंत गटारात उतरणारा माणूस माडीच्या वासानं ओकतो, यावरून वसाहतीनं वर्षानुवर्षं त्याची टिंगल केली. बाकीचे सगळे घ्यायचे. खोटं कशाला बोला, पहाटे मासळीबाजाराची घाण उचलायच्या आधी अरुक्काणीही कधीकधी घोटभर घ्यायची.

त्याचा भरवसा होता खोबरेल तेलावर. उतरण्याआधी तो डोक्यापासून पायापर्यंत तेल चोळायचा, म्हणजे घाण कातडीला धरत नाही, खाज सुटत नाही. ते तेल असायचं ब्रँडीच्या चपटीत. वसाहतीत घरोघर तसंच असतं. चपटी खिशात मावते, झाकण घट्ट बसतं, आणि रस्ते झाडणाऱ्यांना चपट्यांचा काय तोटा!

जानेवारीत मात्र पहाटेच्या गारव्यानं तेल थिजायचं. मग अरुक्काणी पेज ढवळताना चपटी काखेत धरून बसायची आणि ते सुटलं की त्याच्या हातात द्यायची. अठ्ठावीस वर्षं तिनं हे केलं. फक्त एका सकाळी केलं नाही. लेकीच्या जातीच्या दाखल्यासाठी त्यानं कचेरीत खेप घातली नाही म्हणून ती फुगली होती. थिजलेली चपटी तिनं तशीच त्याच्यापुढे आदळली आणि खराटा उचलून निघून गेली.

त्या दिवशी मुकादम सुकुमारननं त्याला बसस्टँडमागच्या मॅनहोलवर नेलं. झाकण काढून तासभर थांबायचं, आतली विषारी हवा जाऊ द्यायची, हे वसाहतीतल्या पोराटोरांनाही ठाऊक. नाच्चिमुत्तूनं तेवढ्यात चपटी झाकणावर उन्हात ठेवली, तेल सुटावं म्हणून. पण कुणा मोठ्या माणसाची गाडी त्या रस्त्यानं यायची होती.

"उतर, उतर! थांबायला वेळ नाही," मुकादम म्हणाला.

तो तेल न लावताच उतरला. चार पायऱ्या उतरला, गुदमरून खाली पडला, तो गेलाच. हे पेच्चीनं डोळ्यांनी पाहिलं, कारण समोरचा रस्ता तीच झाडत होती.

मुकादमानं लिहिलेल्या अहवालात आलं, की कामगार दारूच्या नशेत तोल जाऊन पडला आणि जागेवर दारूची बाटली सापडली. ती चपटी कुणी उघडली नाही, कुणी हुंगली नाही. मुकादम ती उचलणार तरी कसा! हजेरीची वहीसुद्धा तो जमिनीवर ठेवायचा, कामगारांनी सही करून मागे सरकायचं, मग तो रुमालानं धरून ती उचलायचा. सगळे निघून गेल्यावर अरुक्काणीनं ती चपटी उचलून घरी आणली. पेच्चीची साक्ष कुणी घेतली नाही. 'नशेतच होती की ती बाई,' एवढं म्हटलं की काम भागत होतं. त्या दिवसापासून अरुक्काणी गावाच्या लेखी बेवड्याची बायको झाली. अकरा वर्षं झाली या गोष्टीला.

हे सगळं तिनं टिजोला सांगितलं. काखेतल्या चपटीचं तेवढं सांगितलं नाही. ते तिनं पेच्चीलाही कधी सांगितलं नव्हतं. ऐकताना टिजोच्या डोळ्यांत पाणी आलं. "चेची, हीच माझी गोष्ट," तो म्हणाला. सिनेमात निदान खरं काय ते येईल, या एका आशेवर अरुक्काणी शूटिंगला तयार झाली. पावडर न लावता.

सामान जमवणारा माणूस आला. तिनं त्याला खराटा दिला, पोचे आलेलं पातेलं दिलं आणि तेलानं भरलेली ती चपटीही दिली.

तिसऱ्या दिवशी मॅनहोलचा प्रसंग होता. मॅनहोल खोटं, आत चहापत्तीचं पाणी. नाच्चिमुत्तू झालेला नट देवन कडेला बसला, त्यानं चपटीचं झाकण उघडलं आणि ती तोंडाला लावली. आत कोरा चहा भरला होता. तेल कुठे ओतून दिलं कोण जाणे.

अरुक्काणी कॅमेऱ्यासमोर गेली आणि देवनच्या हातातली चपटी काढून घेतली. "हे तेल लावायचं आहे. प्यायचं नाही."

टिजो धावत आला. "चेची, ऐका ना. असलं काम माणूस शुद्धीत करूच शकत नाही, हे लोकांना कळायला नको? तुमच्याच वसाहतीतले लोक सांगतात, प्यायल्याशिवाय उतरवत नाही. ते खोटं बोलतात का?"

"नाही. ते खरंच बोलतात. पण हा प्यायला नव्हता. शुद्धीत उतरला तो. वास, किडे, सगळं शुद्धीत सोसलं त्यानं. तेच दाखव की! त्याची लाज वाटते का लोकांना?"

अरुक्काणीनं स्वयंपाकाच्या तंबूतून तेल आणून चपटी भरली. मग देवनला पाठमोरं बसवून ती त्याच्या पाठीला तेल चोळायला लागली, मानेवर, काखेत, कानांमागे. अकरा वर्षांनी हातांना तेच काम सापडलं होतं. तिला रडू आवरेना, पण हात थांबले नाहीत. टिजोनं हळूच कॅमेरा सुरू करायला सांगितला. नंतर तो तिचे हात धरून म्हणाला, "चपटी तोंडाला लागणार नाही. माझा शब्द."

सिनेमाचा पहिला खेळ पुत्तनकडवलाच ठेवला होता. टिजोच्या माणसांनी आदल्या दिवशी खराटा, पातेलं आणि चपटी परत मागून नेली आणि थिएटरच्या एसीनं गारढोण झालेल्या व्हरांड्यात पांढऱ्या कापडावर मांडली, 'चित्रपटातील खऱ्या वस्तू' असा कागद लावून. वसाहतीतल्या सगळ्यांना पहिली रांग दिली होती. अरुक्काणीनं पावडरही लावली आणि मोगराही माळला.

"अक्का, नटीच दिसतेस," पेच्ची म्हणाली. "आता मुकादमाला म्हणावं, घे सही."

मुकादम आला होता. निवृत्त झालेला, पांढरा शर्ट, हातात रुमाल. रस्ते बंद करायची परवानगी त्यानं मिळवून दिली, म्हणून त्यालाही सत्काराला बोलावलं होतं.

मॅनहोलचा प्रसंग आला. देवनच्या पाठीवर तेल चोळणारे हात दिसले, अरुक्काणीचे. नुसते हात, चपटी कुठे नव्हती. तिनं सुटकेचा श्वास सोडला. मग देवन कडेला बसला, चपटी आली, आणि ती थेट तोंडाला गेली. तिनं चपटी काढून घेण्याआधी चित्रित झालेला तो तुकडा होता. मागच्या रांगांतून कुणीतरी शिट्टी मारली.

पेच्चीनं तिच्या मांडीवर हात ठेवला. आता मुकादमाचा तो अहवालच गावोगावी लागणार, पडद्याएवढा मोठा होऊन. आणि चपटी तर तिनंच दिली होती, त्याही वेळी आणि याही वेळी. दिवे लागायच्या आत ती उठून बाहेर गेली.

सत्कारासाठी तिचं नाव पुकारलं तेव्हा ती चपटी घेऊन आत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टिजोनं तिच्या खांद्यावर शाल घातली, पण तिच्याकडे बघितलं नाही. "दोन शब्द बोला, चेची," म्हणत त्यानं माइक पुढे केला.

"माझ्या नवऱ्याजवळ ही सापडली," अरुक्काणी म्हणाली. "त्या सकाळीही अशीच गार होती. मी ती काखेत धरून ऊब द्यायची, त्या दिवशी दिली नाही. भांडले होते. ती चूक माझी आहे, ती मी कबूल करते." "पण हिच्यात दारू नव्हती."

तिनं झाकण काढलं आणि चपटी शालीवर उलटी धरली. थेंबसुद्धा पडला नाही. काचेत तेल पांढरं घट्ट बसलं होतं.

अरुक्काणी खुर्च्यांच्या रांगेपाशी गेली आणि मुकादमापुढे उभी राहिली. "सर, त्या दिवशी हिचा वास घ्यायचं तुमचं राहून गेलं. आता घ्या."

सुकुमारननं इकडेतिकडे पाहिलं. शेकडो लोक बघत होते. नाही म्हणायला जागा नव्हती. त्यानं रुमालाची घडी मोडली, ती नीट तळहातावर पसरली आणि मग हात पुढे केला.

"बघा, बघा!" पहिल्या रांगेतून पेच्ची ओरडली. "अजून रुमालच!"